युजर दुबईत, सर्व्हर सिंगापुरात: सीडीएनवर लोकेशनप्रमाणे ट्रॅफिक नीट कसं वळवायचं

ज्यांची साइट किंवा लाइव्ह स्ट्रीम सीडीएनवरून, म्हणजे जगभर पसरलेल्या सर्व्हरांच्या जाळ्यावरून, तीन-चार देशांत बघितली जाते, आणि जे डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या, पॅनलमध्ये जाऊन "आशिया इकडे, युरोप तिकडे" असे दोन-चार नियम टाकून मोकळे होतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला तोच प्रश्न विचारतं, की नियम तर बरोबर टाकलेत, मग नाशिकच्या माणसाला फ्रँकफर्टचा सर्व्हर कसा काय मिळतोय? चूक नियमापेक्षा क्रमात जास्त वेळा सापडते. मोजायच्या आधी नियम लिहिले जातात, डीफॉल्ट, म्हणजे कुठल्याच नियमात न बसणाऱ्यांसाठीचं उत्तर, सगळ्यात शेवटी आठवतो किंवा आठवतच नाही, आणि टेस्ट होते ऑफिसच्या वायफायवर बसून.

उदाहरणासाठी एकच मांडणी धरू या. ओरिजिन, म्हणजे मूळ फाइली ठेवलेला सर्व्हर, मुंबईत, आणि एज सर्व्हर, म्हणजे युजरच्या जवळून त्याच फाइलींची प्रत देणारे, चार ठिकाणी: मुंबई, सिंगापूर, फ्रँकफर्ट आणि अमेरिकेत व्हर्जिनिया. प्रेक्षक मराठी, म्हणजे बहुतेक महाराष्ट्रात, बाकी आखातात, अमेरिकेत, इंग्लंडात, थोडे मॉरिशस आणि इस्रायलमध्ये. हे शेवटचे दोन देश मुद्दाम घेतलेत, पुढे कळेल का ते.

## सुरू करण्याआधी: डीएनएसला युजर दिसत नाही

लोकेशनप्रमाणे उत्तर देणारा डीएनएस युजरचा आयपी बघून ठरवतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नसतं. युजरचा फोन आधी रिझॉल्व्हरला, म्हणजे त्याच्या वतीने पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरला विचारतो, तो रिझॉल्व्हर तुमच्या नेमसर्व्हरला, म्हणजे तुमचे डीएनएसचे नियम ठेवलेल्या सर्व्हरला विचारतो, आणि तुमच्या नेमसर्व्हरसमोर येतो तो रिझॉल्व्हरचा आयपी. सोलापुरातल्या माणसाच्या कंपनीचा व्हीपीएन लंडनमधला रिझॉल्व्हर वापरत असेल तर तुमच्या नियमांच्या दृष्टीने तो माणूस लंडनला बसलाय.

यावर उपाय म्हणून ईडीएनएस क्लायंट सबनेट नावाची सोय आहे, २०१६ च्या आरएफसी ७८७१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ती लिहिलेली आहे. त्यात रिझॉल्व्हर तुमच्या नेमसर्व्हरला युजरच्या आयपीचा पुढचा भाग पाठवतो, आयपीव्ही४ असेल तर साधारण पहिले तीन आकडे, शेवटचा झाकून. गूगलचा ८.८.८.८ हा रिझॉल्व्हर हे पाठवतो. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ प्रायव्हसीच्या कारणाने पाठवत नाही. क्वाड९ चा ९.९.९.९ पाठवत नाही पण त्यांचाच ९.९.९.११ पाठवतो. म्हणजे एकाच घरात, एकाच वायफायवर, भावाच्या लॅपटॉपला एक एज आणि बहिणीच्या लॅपटॉपला दुसरा एज मिळू शकतो आणि दोन्ही वेळा तुमचे नियम बरोबरच चाललेले असतात.

तपासा: तुमचा डीएनएस प्रोव्हायडर क्लायंट सबनेट वाचतो का? पॅनलमध्ये दिसलं नाही तर सपोर्टला सरळ विचारा. वाचत नसेल तर पुढचे सगळे नियम रिझॉल्व्हरच्या पत्त्यावर चालणार हे धरूनच काम करा.

## टप्पा १: प्रेक्षक कुठे आहेत ते लॉगमधून काढा

मागच्या ३० दिवसांचे अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे कुठल्या आयपीवरून काय मागितलं गेलं त्याच्या नोंदी, घ्या आणि प्रत्येक आयपीला देश आणि नेटवर्क, म्हणजे नेट कंपनीच्या नेटवर्कचा एएस नंबर, या दोन गोष्टी लावा. देशासाठी मॅक्समाइंडचा फुकट मिळणारा जिओलाइट डेटाबेस सुरुवातीला पुरतो. नेटवर्क का बघायचं तर लेटन्सी, म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, देशापेक्षा नेटवर्कवर जास्त अवलंबून असते. पुण्यातल्या एका केबलवाल्याच्या नेटचं ट्रॅफिक मुंबईच्या एक्सचेंजवर, म्हणजे नेटवर्क एकमेकांना जोडतात तिथे, थेट सुटतं आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या दुसऱ्या कनेक्शनचं तेच ट्रॅफिक सिंगापूरला जाऊन परत मुंबईत येतं, असं खरंच होतं, कारण दोन नेटवर्कची आपसात भारतात गाठच पडत नसते.

शहराच्या पातळीवर नियम लिहायच्या फंदात पडू नका, भारतात तर नाहीच. मोबाईल कंपन्या हजारो ग्राहकांना एका आयपीमागे ठेवतात आणि त्यांचे गेटवे मोजक्याच शहरांत असतात, त्यामुळे चंद्रपूरचा माणूस डेटाबेसमध्ये मुंबईत दिसतो नाहीतर अजून कुठे. देश बहुतेक वेळा बरोबर येतो. शहरावर विसंबू नका.

या टप्प्याचा शेवट म्हणजे एक साधी शीट: देश, नेटवर्क, किती टक्के ट्रॅफिक. वरच्या दहा ओळी आपल्या कामाच्या.

## टप्पा २: प्रत्येक एजला स्वतःचं नाव सांगायला लावा

हे दहा मिनिटांचं काम आहे आणि लोक ते टाळतात, मग रात्री दोन वाजता फोनवर "तुला कुठला सर्व्हर मिळतोय?" याचं उत्तर कुणाकडेच नसतं. प्रत्येक एजने रिस्पॉन्सच्या हेडरमध्ये, म्हणजे उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीत, आपलं नाव टाकावं. विमानतळांचे कोड वापरायची पद्धत आहे: मुंबईला बीओएम, सिंगापूरला एसआयएन, फ्रँकफर्टला एफआरए, व्हर्जिनियाला आयएडी. अ‍ॅमेझॉनचा क्लाउडफ्रंट वापरत असाल तर त्याच्या पॉपच्या, म्हणजे एजच्या ठिकाणाच्या, हेडरमध्ये हा कोड आधीच असतो, आणि क्लाउडफ्लेअरच्या मागे असलेल्या साइटवर त्यांचं ट्रेस पेज उघडलं की "कोलो" पुढे कोड आणि "लोक" पुढे देश दिसतो.

स्वतःचे सर्व्हर असतील तर हेडरशिवाय एक छोटं पानही बनवा: एजचं नाव, युजरचा आयपी, आपण धरलेला देश, वेळ. पान साधं ठेवा, आजोबांनाही फोनवर उघडून स्क्रीनशॉट पाठवता आला पाहिजे. टेस्टिंगला हेच लागणार आहे.

सावध: या पानाला कॅश, म्हणजे तयार उत्तर साठवून पुन्हा तेच देण्याची सोय, लावू नका. लावलीत तर एकाच माणसाची माहिती सगळ्यांना दिसत राहील आणि तुम्ही तासभर भलत्याच गोष्टीचा शोध घेत बसाल.

## टप्पा ३: नकाशा बाजूला ठेवा आणि मोजा

फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १००० किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन परत यायला अगदी कमीत कमी १० मिलिसेकंद लागणारच. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३९०० किलोमीटर, तेव्हा ३९ मिलिसेकंदांच्या खाली आकडा येऊच शकत नाही, आणि केबल सरळ रेषेत टाकलेली नसते म्हणून प्रत्यक्षात तो बराच वर असतो. हा हिशोब खोटे आकडे पकडायला कामाला येतो: कुणी म्हणालं की मुंबईहून सिंगापूर १५ मिलिसेकंदांत येतंय, तर तो सिंगापूर नाहीच, मध्येच कुणीतरी उत्तर देतंय.

एक फेरी वाचली तर किती फरक पडतो? नवीन कनेक्शन जोडायला टीसीपीची एक फेरी, ते सुरक्षित करायला टीएलएस १.३ ची एक, आणि मग मागणी-पुरवठ्याची एक, अशा तीन फेऱ्या होतात तेव्हा कुठे पहिला बाइट येतो. फेरी २०० मिलिसेकंदांची असेल तर ६०० गेले, तीच २० ची असेल तर ६०. जुन्या टीएलएस १.२ ला अजून एक फेरी जास्त. म्हणून एज चुकीचा लागला की साइट एकदम जड वाटायला लागते, फोटो कितीही लहान केलेत तरी.

मोजायचं कसं? युजरच्या ब्राउझरमधूनच, कारण तिथलाच आकडा खरा. पान लोड झाल्यावर पाच-सहा सेकंदांनी प्रत्येक एजवरून एक छोटी फाइल मागवायची, किती वेळ लागला ते ब्राउझरच्या रिसोर्स टायमिंगमधून घ्यायचं आणि आपल्या सर्व्हरला पाठवायचं. सगळ्यांकडून नको, शंभरातल्या एका-दोघांकडून पुरे.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे एजच्या बाजूने टायमिंग-अलाउ-ओरिजिन हेडर दिलेला नसतो, मग ब्राउझर डीएनएस आणि कनेक्शनचे वेगवेगळे आकडे शून्य दाखवतो आणि लोक आनंदाने ते शून्य अ‍ॅव्हरेजमध्ये धरतात. दुसरी म्हणजे मुळात अ‍ॅव्हरेजच बघणं. अ‍ॅव्हरेज ८० दिसतं आणि शंभरातले पाच लोक ९०० वर बसलेले असतात. मधला आकडा आणि पंच्याण्णवावा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले पंच्याण्णव जण ज्याच्या आत येतात तो आकडा, दोन्ही काढा, देश आणि नेटवर्क यांच्या प्रत्येक जोडीसाठी.

निदान सात दिवस मोजा, त्यात शनिवार-रविवार आणि रोजची रात्री नऊ ते अकराची वेळ आली पाहिजे. दुपारी चारला सगळंच छान चालतं.

तपासा: वरच्या दहा देश-नेटवर्क जोड्यांपुढे चारही एजचे आकडे आले का? एकही जागा रिकामी असेल तर पुढे जाऊ नका, त्या देशातल्या ओळखीच्या माणसाला पान उघडायला सांगा किंवा राइप अ‍ॅटलसच्या प्रोबवरून, म्हणजे जगभर ठेवलेल्या मोजणीच्या छोट्या यंत्रांवरून, मोजून घ्या.

## टप्पा ४: टीटीएल आधीच खाली आणा

टीटीएल म्हणजे रिझॉल्व्हरने तुमचं उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं तो आकडा. नियम बदलायच्या दिवशी तो कमी करून उपयोग नाही. जुना टीटीएल ८६४०० असेल तर जगभरच्या रिझॉल्व्हरकडे तुमचं जुनं उत्तर २४ तास पडून राहणार. तेव्हा आधी टीटीएल ६० सेकंदांवर आणा, मग जुना टीटीएल जितका होता तितका वेळ पूर्ण जाऊ द्या, आणि त्यानंतरच पुढचं काम.

६० पेक्षा खाली जायचा मोह टाळा. काही रिझॉल्व्हर फार लहान टीटीएल मानत नाहीत, आणि दर वेळी नव्याने विचारावं लागतं त्याचा वेळ युजरच्याच खिशातून जातो.

## टप्पा ५: नियम लिहा, आणि पहिली ओळ डीफॉल्टची

सगळ्यात आधी डीफॉल्ट रेकॉर्ड, म्हणजे डीएनएसमधली डीफॉल्टची नोंद. ज्यांचा देश ओळखता येत नाही असे आयपी नेहमी असतात. अ‍ॅमेझॉनच्या रूट ५३ या डीएनएस सेवेत जिओलोकेशनचे नियम केलेत आणि डीफॉल्ट ठेवला नाहीत तर अशा लोकांना उत्तरच मिळत नाही, साइट हळू नाही, बंदच. आणि ते लोक तक्रारही करत नाहीत, निघून जातात. आपल्या उदाहरणात डीफॉल्ट मुंबई, कारण प्रेक्षक बहुतेक भारतातला आहे आणि ओरिजिनही तिथेच आहे.

मग देश, आणि खंड शेवटी. खंडाचा नियम सोयीचा दिसतो आणि तिथेच घात होतो. आपली चार ठिकाणं बघून माणूस काय लिहितो? भारत मुंबईला, आशिया सिंगापूरला, युरोप आणि आफ्रिका फ्रँकफर्टला, अमेरिका व्हर्जिनियाला. कागदावर सुंदर. आता दुबईतला मराठी माणूस घ्या. संयुक्त अरब अमिराती आशियात मोडतात, म्हणून तो सिंगापूरला गेला. दुबई ते मुंबई १९०० किलोमीटर, दुबई ते सिंगापूर ५८०० च्या आसपास. म्हणजे शेजारचं दुकान सोडून तीनपट लांबच्या दुकानात पाठवलंत त्याला, आणि आखातात आपले किती लोक आहेत ते तुमच्या लॉगमध्येच दिसेल.

बरं, मग आशिया सरसकट मुंबईला देऊ या? मग इस्रायल बघा. तिथे बेने इस्रायली मराठी बोलणारे आहेत आणि इस्रायलही खंडाच्या हिशोबाने आशियातच येतं, पण त्यांचं इंटरनेट मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या केबलने युरोपकडे जातं. त्यांना फ्रँकफर्ट बरं. एकाच खंडातले दोन देश, दोघांची बरोबर उत्तरं उलट दिशेला.

मॉरिशस आफ्रिकेत मोडतं, म्हणून वरच्या यादीने ते फ्रँकफर्टला गेलं. पण २००२ पासून चालू असलेली सेफ नावाची केबल दक्षिण आफ्रिकेहून रियुनियन, मॉरिशस करत कोचीला येते आणि पुढे मलेशियात पेनांगला जाते. मग मुंबई जवळ पडेल का? पडेलही, नाहीही. तिथली नेट कंपनी कुठल्या केबलवर जागा विकत घेते त्यावर ते ठरतं. इथे माझं किंवा तुमचं मत कामाचं नाही, टप्पा ३ मधला आकडा काय म्हणतो ते लिहायचं.

म्हणून मी खंडाचे नियम शक्यतो लिहितच नाही. देशांचे पंधरा-वीस नियम, प्रत्येकामागे मोजलेला आकडा, आणि बाकी सगळं डीफॉल्टवर. जास्त पसारा असेल तर लेटन्सीवर चालणारे रेकॉर्ड वापरा, रूट ५३ मध्ये ती सोय आहे, पण ती अ‍ॅमेझॉनच्या रीजनपर्यंत मोजलेल्या वेळांवर चालते हे ध्यानात ठेवा, तुमचा सर्व्हर दुसऱ्याच डेटा सेंटरमध्ये असेल तर ते आकडे अंदाजच. एकाच नावावर दोन प्रकारचे नियम मिसळता येत नाहीत, पण अलायस, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डकडे बोट दाखवणारा रेकॉर्ड लावून एका प्रकाराच्या खाली दुसरा प्रकार ठेवता येतो. उदाहरणार्थ वर देशांचे नियम आणि डीफॉल्टच्या खाली लेटन्सीचे. मला ही जोडणी सगळ्यात टिकाऊ वाटते.

सावध: मूळ डोमेनवर, म्हणजे आधी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या नावावर, सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाकडे पाठवणारा रेकॉर्ड, ठेवता येत नाही, म्हणून काही प्रोव्हायडर तो सपाट करून देतात. म्हणजे सीडीएनचं नाव ते स्वतःच रिझॉल्व्ह करतात आणि मिळालेला आयपी पुढे देतात. पण मग सीडीएनला विचारणारा कोण? तुमचा प्रोव्हायडर, त्याच्या स्वतःच्या सर्व्हरवरून. युजरचं लोकेशन तिथेच गळून गेलं. मूळ डोमेनवरून फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला पाठवायचं काम ठेवा, खरं ट्रॅफिक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर.

## टप्पा ६: जे ए रेकॉर्डला केलं तेच क्वाड-ए रेकॉर्डला

हा टप्पा मी वेगळा काढलाय कारण याने मी स्वतः पोळलोय. गणपतीत एका मंडळाची आरती लाइव्ह दाखवायचं काम माझ्याकडे होतं, प्रेक्षक पुण्यातले आणि न्यू जर्सीतले. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांसाठीच्या ए रेकॉर्डचे सगळे नियम मी तीन-तीनदा तपासले होते. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांसाठीचा क्वाड-ए रेकॉर्ड मात्र जुन्या सेटअपमधला एकटाच उरलेला होता, आणि तो व्हर्जिनियाकडे बोट दाखवत होता. संध्याकाळची आरती सुरू झाली, माझ्या लॅपटॉपवर चित्र स्वच्छ, आणि पुण्यातून फोनवर फोन, चाक फिरतंय, आवाज तुटतोय. मी वायफायवर बघत होतो, वायफाय आयपीव्ही४ वर होतं. शेवटी कुणीतरी मोबाईल डेटावरून आपलं ते छोटं पान उघडून स्क्रीनशॉट पाठवला: एज आयएडी. फोन पुण्यात शनिवार पेठेत, व्हिडिओ येतोय अमेरिकेतून. तोपर्यंत आरती, मंत्रपुष्पांजली सगळं होऊन गेलं होतं. मंडळातल्या एका आजींनी नंतर विचारलं की पुढच्या वर्षी नीट दिसेल ना रे, ते अजून आठवतं.

भारतात मोबाईलवर आयपीव्ही६ भरपूर आहे आणि फोनला दोन्ही मिळाले तर तो सहसा आयपीव्ही६ लाच पहिली संधी देतो. म्हणून शीटमध्ये प्रत्येक देशापुढे दोन रकाने ठेवा, ए आणि क्वाड-ए, आणि दोन्ही भरल्याशिवाय त्या ओळीवर टिक करू नका. एखाद्या एजवर आयपीव्ही६ चालतच नसेल तर त्या देशासाठी क्वाड-ए काय उत्तर जाणार हे मुद्दाम ठरवा, आपोआप ठरू देऊ नका.

## टप्पा ७: हेल्थ चेक आणि पडलेल्या एजचं ट्रॅफिक

एज पडला तर त्याचं नाव उत्तरातून निघालं पाहिजे. रूट ५३ मध्ये साधा हेल्थ चेक दर ३० सेकंदांनी होतो आणि लागोपाठ ३ वेळा फसला की एज आजारी धरतात. ३० गुणिले ३, म्हणजे ९०, वर टीटीएलचे ६०, म्हणजे अडीच मिनिटं तरी लोक बंद एजवर आदळत राहणार. हा आकडा आधीच साहेबांना किंवा क्लायंटला सांगून ठेवा. १० सेकंदांचा चेकही मिळतो, त्याचे पैसे जास्त.

चेक कशाचा करायचा? नुसतं "सर्व्हर जिवंत आहे" याचा नको, एखादी खरी फाइल कॅशमधून नीट निघते का याचा करा. पण तो चेक ओरिजिनपर्यंत नेऊ नका, कारण मुंबईचा ओरिजिन अर्धा मिनिट अडखळला की चारही एज एकदम आजारी दिसतील आणि सगळा खेळ बिघडेल.

दुसरी गोष्ट, मुंबईचा एज पडला तर त्याचं ट्रॅफिक कुठे जाणार ते लिहून ठेवा आणि तिथे तेवढा भार झेपेल का ते बघा. सिंगापूरच्या एजला रोज पाच टक्के ट्रॅफिकची सवय, त्याच्यावर अचानक ऐंशी टक्के कोसळलं, त्याची कॅश रिकामी, मग तो प्रत्येक फाइलसाठी मुंबईच्या ओरिजिनकडे धावणार, आणि एकाच्या जागी दोन गोष्टी पडतील. ओरिजिनपुढे कॅशचा एक मधला थर ठेवलात, ज्याला शील्ड म्हणतात, तर बरंच वाचतं.

तपासा: शांत वेळी, सकाळी सहाच्या आसपास, एक एज मुद्दाम बंद करा आणि घड्याळ लावून बघा किती वेळात ट्रॅफिक हललं. लाइव्ह स्ट्रीम असेल तर आधीपासून जोडलेले प्लेयर लगेच हलणार नाहीत, कनेक्शन तुटेपर्यंत ते नवीन नाव विचारतच नाहीत.

## टप्पा ८: कॅश की नीट नसेल तर सगळं वाया

देशाप्रमाणे पानात काही बदलत असेल, समजा वर्गणी भारतात रुपयांत आणि अमेरिकेत डॉलरमध्ये दाखवायची आहे, तर देश हा कॅश कीचा, म्हणजे साठवलेली प्रत ज्या खुणेवरून शोधली जाते तिचा, भाग असायलाच हवा. नाहीतर सकाळी पहिल्यांदा जो आला त्याच्या देशाचं पान कॅशमध्ये बसतं आणि दिवसभर सगळ्यांना तेच. क्लाउडफ्रंटमध्ये युजरचा देश सांगणारा हेडर कॅश पॉलिसीत निवडावा लागतो. पण दोनशे देशांच्या दोनशे प्रती करू नका, हिट रेशो, म्हणजे कॅशमधूनच उत्तर मिळण्याचं प्रमाण, कोसळेल. एजवरच देशांचे गट पाडा: रुपयेवाले, डॉलरवाले, बाकीचे. कीमध्ये गटाचं नाव टाका.

रीडायरेक्टने पाठवत असाल तर ३०२, म्हणजे तात्पुरता वापरा, कायमचा ३०१ नको. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, मग माणूस शिकागोहून सुट्टीला कोल्हापूरला आला तरी फोन त्याला अमेरिकेच्याच पानावर नेत राहतो. आणि गूगलचा बॉट बहुतेक वेळा अमेरिकेतल्या आयपीवरून येतो, तेव्हा अमेरिकेच्या आयपीला जबरदस्तीने दुसरीकडे पाठवलंत तर तुमचं भारतातलं पान त्याला दिसणारच नाही.

लोकेशनवरून भाषा ठरवणं तर कृपा करून बंद करा. न्यू जर्सीत बसून मराठी साइट उघडणाऱ्या माणसाला मराठीच वाचायची असते, म्हणून तर तो आलाय. लोकेशनने सर्व्हर ठरवा, भाषा माणसाला ठरवू द्या.

## टप्पा ९: टेस्ट, तीन थरांत

पहिला थर कमांडचा. डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडला सबनेटचा ऑप्शन देऊन थेट तुमच्या नेमसर्व्हरला विचारा: दुबईतला एखादा सबनेट दिला तर काय उत्तर, तेल अवीवचा दिला तर काय, ए आणि क्वाड-ए दोन्हीसाठी. शीटमधली प्रत्येक ओळ अशी घ्या. यात चुकलेला नियम लगेच सापडतो, पण हे पास झालं म्हणजे काम झालं असं नाही, कारण खरा रिझॉल्व्हर सबनेट पाठवेलच असं नाही.

दुसरा थर माणसांचा. टप्पा २ मधल्या पानाची लिंक नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका आणि प्रत्येकाला दोन स्क्रीनशॉट मागा, एक वायफायवरचा आणि एक मोबाईल डेटावरचा. एवढं सांगितलं तरी निम्मे लोक दोन्ही वायफायवरचेच पाठवतात, म्हणून पानावरचा आयपी नजरेखालून घाला. प्रायव्हसी रिले किंवा व्हीपीएन चालू असलेले बाजूला काढा.

तिसरा थर रस्त्याचा. आकडा विचित्र आला तर तिथल्या माणसाकडून ट्रेसराउट, म्हणजे डेटा वाटेत कुठल्या राउटरांवरून (हॉपवरून) गेला त्याची यादी, मागवा. एका हॉपवरून पुढच्या हॉपवर जाताना वेळ एकदम पन्नास-साठ मिलिसेकंदांनी वाढली आणि शेवटपर्यंत तशीच वाढलेली राहिली, तर तिथे समुद्र ओलांडलाय. फक्त मधल्याच एका हॉपवर वाढली आणि पुढे परत कमी झाली तर दुर्लक्ष करा, तो राउटर उत्तर द्यायला आळशी आहे एवढंच.

एनीकास्टवाल्यांसाठी: तुमचं सीडीएन एकच आयपी सगळीकडून जाहीर करत असेल तर वरचे डीएनएसचे नियम तुमच्या हातात नसतातच, रस्ता बीजीपी, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत, ठरवतं, आणि बीजीपी अंतर किंवा मिलिसेकंद बघत नाही, नेट कंपनीचं धोरण आणि एएस पाथ, म्हणजे वाटेत कुठली नेटवर्क लागतात ते, बघतं. मुंबईत पॉप असूनही एखाद्या नेटवर्कचे लोक सिंगापूरला जात असतील तर कारण बहुतेक वेळा त्या दोन कंपन्यांमधल्या पीअरिंगचं, म्हणजे थेट जोडणीचं, असतं. ट्रेसराउट, एएस नंबर आणि वेळ लिहून सीडीएनच्या सपोर्टला पाठवा. "साइट स्लो आहे" एवढंच लिहिलंत तर उत्तर येणार नाही.

## टप्पा १०: थोडं थोडं करून चालू करा

वेटेड, म्हणजे ट्रॅफिक टक्केवारीने वाटणारे रेकॉर्ड लावून आधी ५ टक्के ट्रॅफिक नव्या नियमांवर टाका, एक दिवस बघा, मग २५, मग सगळं. ५ टक्क्यांवर असताना पंच्याण्णवाव्या पर्सेंटाइलवर नजर ठेवा, एररची संख्या बघा, ओरिजिनवरचा भार बघा. कमी ट्रॅफिकच्या देशापासून सुरुवात करा आणि भारत सगळ्यात शेवटी. मागे फिरायची पावलं कागदावर लिहून ठेवा, कुठला रेकॉर्ड, जुनी व्हॅल्यू काय, कोण बदलणार. आणि गणेश चतुर्थी, दिवाळी, निवडणुकीचा निकाल, यांच्या आधीच्या आठवड्यात यातलं काहीही करू नका.

## टप्पा ११: लावून विसरू नका

२०२४ च्या फेब्रुवारीत तांबड्या समुद्रात केबल तुटल्या आणि आशिया-युरोप यांच्यातलं बरंच ट्रॅफिक दुसऱ्या रस्त्यांनी वळवावं लागलं. अशा वेळी आदल्या महिन्यात बरोबर असलेला नियम या महिन्यात चुकतो, नकाशा मात्र तोच असतो. म्हणून टप्पा ३ मधलं मोजमाप बंद करू नका, कमी प्रमाणात चालूच ठेवा, आणि महिन्यातून एकदा शीट उघडून प्रत्येक देशाला लिहिलेला एज अजून सगळ्यात जवळचा आहे का ते बघा.

जिओआयपीचा, म्हणजे आयपीवरून देश सांगणारा, डेटाबेस स्वतः ठेवत असाल तर तो आपोआप अपडेट होतो का हे क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, लॉगमध्ये जाऊन बघा, फाइलची तारीख सहा महिने जुनी सापडणं अजिबात दुर्मीळ नाही. आयपीव्ही४ चे ब्लॉक विकले जातात, एका देशातून दुसऱ्या देशात जातात, आणि जुना डेटाबेस त्यांना जुन्याच देशात धरून बसतो. तुमच्या ओळखीच्या छोट्या नेट कंपनीचे ग्राहक सारखे परदेशात दिसत असतील तर त्यांना जिओफीड प्रसिद्ध करायला सांगा, आरएफसी ८८०५ मध्ये त्याचा साधा फॉरमॅट दिलेला आहे, एका ओळीत एक ब्लॉक आणि त्याचा देश. डेटाबेसवाल्यांकडे दुरुस्तीची विनंतीही करता येते, पण ती पुढच्या अपडेटमध्ये येईपर्यंत त्या ब्लॉकसाठी एजवर हाताने अपवाद लिहा, आणि त्या अपवादापुढे तारीख टाका, म्हणजे तो काढायचा कधी ते पुढच्या माणसाला कळेल.